सव्वा लाखात लंडन, विरार लोकलच्या हिशोबाने

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.)

विरार फास्टमध्ये दाराजवळ उभे राहून ऐकत असाल, तर एक हात दांड्याला ठेवा, मोबाईल खिशात टाका आणि नुसतं ऐका. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलाय. "नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली, थोडे पैसे साठलेत, युरोप बघायचंय. पण पॅकेज टूरचे आकडे बघून घाम फुटतो. लंडनसारखं महागडं शहर आपल्या पगारात जमतं का?"

माझं उत्तर आहे, जमतं. पण कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. लंडनला जाऊन आल्यापासून मी एक गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलोय. त्या शहरात घाईत विकत घ्यावं लागतं ते सगळं भयंकर महाग असतं. आणि जे सगळ्यांचं आहे, सार्वजनिक आहे, ते एकतर फुकट आहे किंवा स्वस्त आहे. सगळं बजेट या एका फरकावर उभं राहतं.

आधी सगळ्यात नाजूक प्रश्न उरकू. जावं का?

आपल्या वसई-विरारमध्ये बहुतेक घरांत फ्लॅटचा हप्ता चालू असतो. आईबाबांना "लंडन" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "कंपनी पाठवतेय का?" कंपनी पाठवत नाही, स्वतःच्या पैशाने चाललोय म्हटलं की घरात शांतता पसरते. त्या शांततेचा मला राग येत नाही. ज्यांनी आयुष्यभर एकेक रुपया मोजून घर उभं केलं, त्यांना फिरण्यावर लाखभर रुपये घालवणं पटायला वेळ लागणारच. म्हणून माझा नियम साधा आहे. ट्रिपसाठी पर्सनल लोन काढायचं नाही आणि "आता फिरा, नंतर भरा"वाल्या ईएमआयच्या नादी लागायचं नाही. सहा दिवसांची मजा आणि चोवीस महिन्यांचा हप्ता, हा सौदा वाईट आहे. घरचा हप्ता आणि अडीअडचणीचा पैसा बाजूला ठेवून उरलेल्यातून साठत असेल, तर आणि तरच पुढचं ऐका.

आता आकडे. दर २०२५ चे धरतोय आणि सोयीसाठी एक पाउंड म्हणजे १२० रुपये. तुम्ही जाल तेव्हा दर बदललेले असतील, हिशोबाची रीत तीच राहील.

एका माणसाच्या सहा रात्री. हॉस्टेलमधला एक बेड, रात्रीचे ३० पाउंड, म्हणजे १८०. शहरात फिरणं ५० ते ५५. खाणं रोजचे १५ पाउंड, म्हणजे ९०. आणि मनासारखं एखादं महागडं काहीतरी करायला ४५. बेरीज झाली ३७० पाउंड, म्हणजे साधारण ४४,००० रुपये. व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पाउंड झाली, म्हणजे सव्वापंधरा हजार. गर्दीचा सीझन टाळून, बऱ्याच आधी काढलेलं विमानाचं तिकीट पंचावन्न हजार धरा. विमा, सिमकार्ड आणि किरकोळ मिळून दहा हजार. सगळं मिळून सव्वा लाखाच्या आसपास. कमी नाहीये. पण अशक्यही नाही.

या यादीत एक खर्च असा आहे की ज्यात काहीही न मिळता पैसे जाऊ शकतात. व्हिसा! नाकारला तर फी परत मिळत नाही. म्हणून इथे काटकसर करायची नाही, काळजी घ्यायची. अमुक इतके पैसे खात्यात हवेतच, असा ठरलेला आकडा ब्रिटिश व्हिजिटर व्हिसाला नाही. तुमचा पगार, तुमची बचत आणि ट्रिपचा खर्च यांचा मेळ बसतो का, हे ते बघतात. महिना पन्नास हजार पगार आणि अर्ज करायच्या आठ दिवस आधी खात्यात अचानक तीन लाख, असं दिसलं की प्रश्न येणारच. काकांकडून चार दिवसांपुरते पैसे आणून बॅलन्स फुगवायची आपल्याकडची युक्ती इथे उलटी पडते. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र आणि दिवसवार साधा प्लॅन, एवढं स्वच्छ ठेवा. अर्ज करताना एसएमएस, कुरिअर, लाउंज असल्या ज्यादा सेवा दाखवतात, त्या ऐच्छिक असतात. आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं विमानाचं तिकीट काढू नका.

चला, व्हिसा मिळाला, विमान हीथ्रोला उतरलं. इथूनच घाईचा कर सुरू होतो. विमानतळावरून शहरात जायला सगळ्यात वेगवान गाडी आहे हीथ्रो एक्सप्रेस, ऐनवेळी तिकीट काढलं तर पंचवीस पाउंडांच्या आसपास. त्याच विमानतळावरून एलिझाबेथ लाइन जाते, ती २०२५ मध्ये तेरा-चौदा पाउंड होती. आणि त्याच विमानतळावरून पिकॅडिली लाइनची ट्यूब जाते, ती सहा पाउंडांच्या आतबाहेर. पिकॅडिलीला मध्य लंडन गाठायला जेमतेम तासभर लागतो. आता मला सांगा, रोज विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसाला एक तासाचा प्रवास म्हणजे काय? आपल्यासाठी तो बसून झोप काढायचा टाइम! वाचलेले वीस पाउंड म्हणजे सव्वा दिवसाचं जेवण.

इथेच आपण लोकलवाले पुढे आहोत. कुठली गाडी पकडायची, कुठे बदलायची, गर्दीची वेळ कशी चुकवायची, हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. तिथे ट्यूबचं भाडं गर्दीच्या वेळेला जास्त असतं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात. पर्यटकाला साडेनऊच्या आत ट्यूबमध्ये घुसायची काही गरज नसते. शनिवार-रविवारी तिकडेही आपल्यासारखा मेगाब्लॉक असतो, फक्त नाव वेगळं. आदल्या रात्री ॲपवर बघून ठेवायचं.

आणि खरी गंमत बसमध्ये आहे. लाल डबलडेकरचं भाडं पावणेदोन पाउंड. कुठूनही कुठेही. शिवाय पहिल्या टॅपपासून एका तासाच्या आत कितीही बस बदला, परत पैसे कापत नाहीत. दिवसभर नुसत्या बसने फिरलात तर सव्वापाच पाउंडांच्या पुढे कट होत नाही. पर्यटकांच्या उघड्या टपाच्या बसला याच्या कितीतरी पट पैसे जातात. मी काय केलं? १५ नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर, पुढच्या काचेला नाक लावून बसलो. टॉवर ऑफ लंडन, सेंट पॉल्स कॅथेड्रल, फ्लीट स्ट्रीट, ट्राफल्गार स्क्वेअर, सगळं समोरून सरकत गेलं. तिथून ९ नंबर पकडली तर हाइड पार्कच्या कडेने रॉयल अल्बर्ट हॉलपर्यंत. बघायला गेलं तर ती साधी बस आहे, ऑफिसला जाणारी माणसं त्यात पेपर वाचत बसलेली असतात.

एक तांत्रिक गोष्ट. तिथे वेगळं तिकीट काढायची गरज नाही, तुमचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. पण निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि टॅप करून पैसे देणं, दोन्ही सुरू करून घ्या. दिवसभर एकच वस्तू वापरा. सकाळी कार्ड टॅप केलं आणि दुपारी तेच कार्ड फोनमधून टॅप केलं, तर सिस्टिमला ती दोन वेगळी माणसं वाटतात आणि दिवसाची मर्यादा लागू होत नाही. दुकानात मशीनने विचारलं, "रुपयांत भरता की पाउंडात?" तर डोळे झाकून पाउंड म्हणा. रुपयांत दिसणारा आकडा ओळखीचा वाटतो, पण त्यात लावलेला दर तुमच्या बँकेच्या दरापेक्षा सहसा वाईट असतो.

आता राहणं आणि खाणं. राहण्यासाठी हॉस्टेल तर आहेच, पण एक कमी माहीत असलेला पर्याय सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडनमधली काही विद्यापीठं विद्यार्थ्यांच्या रिकाम्या खोल्या पर्यटकांना देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचीही वसतिगृहं अशी मिळतात, तीसुद्धा शहराच्या मध्यात. दोघं मिळून जात असाल तर हॉस्टेलशी तुलना करून बघा.

खाण्याचं म्हणाल, तर सुपरमार्केटमध्ये मील डील नावाचा प्रकार असतो. सँडविच, काहीतरी तोंडात टाकायला आणि एक पेय, साधारण चार पाउंड. संध्याकाळी उशिरा गेलात तर त्याच दिवशी संपवायच्या पदार्थांवर पिवळं लेबल लावून किंमत उतरवलेली असते. नळाचं पाणी पिता येतं, बाटली सोबत ठेवा. हॉस्टेलला किचन असेल तर भाजणी न्या, थालीपीठ लावा, शेजारच्या बेडवरचा स्पॅनिश मुलगा वास घेत येतो, माझी गॅरंटी. मी आपल्या वसईची सुकेळी नेली होती. दुपारी चार वाजता, चालून चालून पाय गळाल्यावर दोन सुकेळी खाल्ली की परत तीन तास चालता येतं. फक्त आईला आधीच सांगून ठेवा, तूप आणि पेढे नेता येत नाहीत. भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला ब्रिटनमध्ये बंदी आहे.

मग बघायचं काय? हा सगळ्यात सोपा भाग. डिसेंबर २००१ पासून ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमचा संग्रह सगळ्यांना मोफत आहे, परदेशी पाहुण्यांनासुद्धा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. खास प्रदर्शनांना तेवढे पैसे पडतात. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं आहेत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपू सुलतानचा तो लाकडी वाघ आहे. शिवरायांची म्हणून ओळखली जाणारी वाघनखं याच म्युझियमची, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. फुकटात आपल्याच वस्तू बघताना मनात जे काही होतं, त्याचा हिशोब मात्र कुठल्याही बजेटमध्ये बसत नाही. तो ज्याचा त्याने करायचा.

उंचावरून शहर बघायचंय? लंडन आयला तीस पाउंडांच्या पुढे जातात. स्काय गार्डन नावाची उंच इमारतीतली बाग आहे, ती आधी बुकिंग केलं तर मोफत. पार्लमेंट चालू असताना कॉमन्सच्या गॅलरीत बसून चर्चा ऐकता येते, मोफत, फक्त रांग लावायची तयारी हवी. वेस्टमिन्स्टर ॲबी बघायला तिकीट लागतं, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला कुणीही जाऊन बसू शकतं. वसईच्या चर्चमधला क्वायर ऐकत मोठे झालेल्यांना ते फार आवडेल. वुलविचला थेम्स ओलांडणारी फेरी बोट आहे, गाड्यांसकट माणसं नेते, आपल्या वसई-भाईंदर रो-रोसारखी. तिला तिकीटच नाही. आणि शेक्सपिअर्स ग्लोब नाट्यगृहात उभ्याची तिकिटं पाच ते दहा पाउंडांना मिळतात. लोक मला विचारतात, तीन तास उभं राहून नाटक? अरे, आपण रोज दीड तास एका पायावर उभे राहतो, समोर शेक्सपिअर नसतानाही!

आता थोडं गंभीर बोलू. आपल्या मराठी माणसांपैकी लंडनमध्ये पैशाची सगळ्यात कठीण ओढाताण करून ज्यांनी सगळ्यात जास्त मिळवलं, त्यांचं घर बघितल्याशिवाय परत येऊ नका. १०, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म ट्यूब स्टेशनवरून चालत जाता येतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे भाड्याने राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ही इमारत विकत घेतली, आता तिथे स्मारक आहे. बाहेर निळी पाटी, आत त्यांची खोली, पुस्तकं, फोटो. प्रवेश मोफत. जायच्या आधी वेळा तेवढ्या तपासा.

त्यांची गोष्ट आकड्यांत ऐका. १९१६ मध्ये ते पहिल्यांदा लंडनला आले, पण बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० मध्ये परत गेले. धनंजय कीरांनी चरित्रात त्यांचे ते दिवस लिहिलेत. दिवसभर वाचनालयात, आणि रात्री भूक लागली की भाजलेले पापड आणि एक कप गरम पेय. तेवढ्यावर परत अभ्यास.

अर्थशास्त्र न आवडणाऱ्यांनाही पुढचं ऐकताना थांबावंसं वाटेल. १९२० च्या सुरुवातीला रुपया दोन शिलिंगांच्या वर गेला होता. १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली घसरला. म्हणजे रुपयांत साठवलेल्या पैशाची लंडनमधली किंमत वर्षभरात किती गळाली बघा. आणि त्याच शहरात बसून हा विद्यार्थी प्रबंध कशावर लिहीत होता? रुपयावर! 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये लंडनमध्येच प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी त्यांना डीएस्सी मिळाली. आपण फोनवर पाउंडाचा दर बघून हळहळतो, त्यांनी तो दर ठरतो कसा आणि ठरवतं कोण, हे खोदून काढलं.

त्यांच्या त्या दिवसांची आणि आपल्या बजेट ट्रिपची तुलना होऊ शकत नाही, हे मला माहितीये. आपलं कमी खर्चात फिरणं ही आपली निवड आहे, त्यांच्यापुढे ती निवड नव्हती. तरी त्या खोलीत उभं असताना एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. श्रीमंतांचं लंडन त्यांच्याकडे नव्हतं. त्यांच्याकडे वाचनालयाची खुर्ची होती. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात सकाळी शिरायचं आणि बंद होईपर्यंत उठायचं नाही. शहराने जे दार उघडं ठेवलं होतं, ते त्यांनी पुरेपूर वापरलं. तिथून निघालो आणि जवळच्याच प्रिमरोज हिलवर जाऊन बसलो. पूर्ण लंडन समोर दिसतं, गवतावर बसायला पैसे लागत नाहीत.

कुठे कापायचं सांगितलं, आता कुठे कापायचं नाही ते सांगतो. प्रवास विमा कापू नका, पर्यटकाला तिथलं हॉस्पिटल महागात पडू शकतं. झोप कापू नका, खूप लांबचं स्वस्त हॉस्टेल घेऊन रोज तीन तास प्रवासात घालवू नका. तेवढं आपण इथे करतोच. आणि एक मनासारखी गोष्ट कापू नका. ते ४५ पाउंड मी यादीत मुद्दाम ठेवलेत. कुणाला लॉर्ड्सचं मैदान आतून बघायचं असेल, कुणाला वेस्ट एंडचं म्युझिकल. जे लहानपणापासून डोक्यात आहे, ते एक करा आणि करताना रुपयांत गुणाकार करू नका. पूर्ण ट्रिपमध्ये दर बिलाला १२० ने गुणत बसलात, तर मील डीलसुद्धा घशाखाली उतरणार नाही. गुणाकार घरी, प्लॅन करताना करायचा. तिथे दिवसाचा आकडा ठरलेला, त्याच्या आत राहायचं, बस्स.

शेवटी एक गृहपाठ. ट्रिप दोन वर्षांनी करणार असाल तरी चालेल. आज रात्री एका शीटमध्ये तीन रकाने करा. माझ्या घरचा हप्ता आणि अडीअडचणीचा पैसा, महिन्याला खरोखर उरणारे पैसे, आणि तिथली मला बघायचीच आहे अशी एक गोष्ट. तिसऱ्या रकान्यात काही सुचत नसेल, नुसतं "लंडन" एवढंच येत असेल, तर थोडं थांबा. सुचलं, तर ते शीट आईबाबांनाही दाखवा. माझ्या बाबांनी माझं शीट नीट वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "परतीच्या तिकिटाचे धरलेस ना?" धरले होते. पंचावन्न हजारांत दोन्ही बाजू होत्या. मग म्हणाले, "जा."

तुमच्या तिसऱ्या रकान्यात काय आलं ते मला नक्की कळवा, पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवेन. नालासोपारा आलं असेल तर उतरणाऱ्यांना वाट द्या. भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!